दुधाचे दात पडणारच आहेत, मग आत्ता उपचार कशाला? अडीच वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा अडीच वर्षांचा, वरचे पुढचे चारही दात हिरडीजवळ आधी पांढरट आणि आता तपकिरी झालेत, एकाचा कोपरा तुटलाय, रात्री बाटलीत साखर घातलेलं दूध पीतपीतच झोपतो आणि मधे दोनदा उठून परत मागतो. एका डॉक्टरांनी सांगितलं दुधाचे दात आहेत सहा वर्षांपर्यंत थांबा, दुसऱ्यांनी चार रूट कॅनल आणि चार कॅप सांगितल्या, सासूबाई म्हणतात पडणारच आहेत तर कशाला पोराला छळता. पेस्टमधलं फ्लोराईड (दाताचं कवच घट्ट करणारा क्षार) विषारी असतं असा मेसेज फिरत आला म्हणून तुम्ही बिनफ्लोराईडची स्ट्रॉबेरीची पेस्ट सुरू केलीत, आणि ब्रश तर तो करूच देत नाही. धाकटी सात महिन्यांची, तिचे खालचे दोन दात आलेत, तिचं असं होऊ नये म्हणून काय करायचं हेही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय की तुमची स्वतःची दाढ बाळंतपणापासून दुखतेय पण वेळ होत नाही.

मी लहान मुलांच्याच दातांचं काम करते, कोल्हापुरात बरीच वर्षं, आणि अगदी असेच चार दात घेऊन येणारी मुलं माझ्याकडे सतत असतात त्यामुळे सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर देते. थांबायचं नाहीये. पण उद्याच्या उद्या चार रूट कॅनल करायला धावायचंही नाहीये. पहिला बदल आज रात्री घरी करायचा, कारण रात्रीचं दूध तसंच चालू राहिलं तर कॅप बसवलेल्या दाताच्या शेजारचा दात किडतो, मग दाढा किडतात, आणि सहा महिन्यांनी तेच पालक परत येतात आणि म्हणतात डॉक्टर एवढे पैसे घातले तरी काही उपयोग झाला नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण ते घरोघरी ऐकू येतं आणि त्यात अर्धं खरं पण आहे. दुधाचे दात पडतात हे खरंच, पण सगळे एकाच वेळी पडत नाहीत. वरचे मधले दोन सहा ते सातच्या दरम्यान, त्यांच्या शेजारचे सात ते आठला, पण सुळे आणि दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे दुधाची मागची दाढ पोरगं पाचवी-सहावीत जाईपर्यंत त्याला चावायला लागणार आहे. तुमच्या मुलाचे पुढचे दात अजून चार-पाच वर्षं तरी टिकायचेत. एवढा काळ तोंडात कीड ठेवून त्याने जेवायचं कसं? अशी मुलं एका बाजूनेच चावतात, घास गालात धरून ठेवतात, पोळी भाजी नको म्हणतात आणि दूधभात किंवा बिस्कीट मागतात, घरच्यांना वाटतं जेवणाचे नखरे आहेत. खूप वेळा दात दुखतोय हे त्या मुलाला कळत पण नाही, कारण न दुखणारं तोंड कसं असतं हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. ट्रीटमेंट झाल्यावर महिन्याभरात आई सांगते की आता नीट जेवतो, रात्री किरकिर नाही, तेव्हा लक्षात येतं त्याला किती त्रास होत होता.

दुसरं म्हणजे हाडाच्या आत, दुधाच्या दाताच्या मुळाजवळच पक्का दात तयार होत असतो. वर पू झाला आणि तो महिनोन्महिने तसाच राहिला तर खालून येणाऱ्या पक्क्या दातावर पांढरे-तपकिरी डाग किंवा खड्डे पडू शकतात, आणि ते मात्र जन्मभर राहतात. तिसरं, दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे सरकते, खालच्या दाताची जागा खाते, मग तो वाकडा येतो नाहीतर अडकून बसतो. पुढे तारा लावायच्या कित्येक केसेसची सुरुवात अशीच झालेली असते.

हे होतं कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. तोंडातले जंतू साखर खातात आणि ॲसिड सोडतात. दातावरचा पीएच (ॲसिड मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं, साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच तो तिथे पोचतो आणि परत पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास तरी जातो. हे पूर्ववत करण्याचं काम लाळ करते. दिवसा लाळ भरपूर असते, झोपेत ती जवळजवळ थांबते. आता बघा, साखरेचं दूध तोंडात, मूल झोपलेलं, गिळणं मंद, लाळ नाही, आणि ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं, तेही रात्रीतून तीनदा. खालचे पुढचे दात मात्र बहुतेक वेळा चांगले राहतात कारण बाटली ओढताना जीभ त्यांच्यावर येते आणि जिभेखालून लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. म्हणून वरचे चार किडलेले आणि खालचे स्वच्छ असं दिसलं की आम्हाला न विचारता कळतं, बाटली. त्यात दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दाताच्या निम्म्याच्या आसपास पातळ आणि आतली नस तुलनेने मोठी, त्यामुळे मोठ्यांमध्ये जी कीड आत जायला वर्ष-दोन वर्षं घेते ती इथे काही महिन्यांत नसेपर्यंत जाते.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ वर उचलून बघा. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी आहे, आणि त्या पायरीवर ड्रिल लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, फ्लोराईड आणि खाण्यातला बदल एवढ्यावर ती थांबते. ओठ उचलत नाही म्हणून ती दिसत नाही, दिसते तेव्हा तपकिरी झालेली असते.

आता बाटली. तुम्ही लिहिलंय की मीच चुकले, मी नोकरी करते म्हणून असं झालं. असं काही मनात आणू नका. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाला दूध देऊन गप्प करणं हे प्रत्येक आई करते आणि तुम्हाला कोणी आधी सांगितलंच नव्हतं की दात आल्यावर हे बदलायचं असतं. बाळाचं लसीकरणाचं कार्ड प्रत्येक घरात जपून ठेवलेलं असतं, दातांबद्दल मात्र पहिली दोन वर्षं कोणी शब्दही काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंद कशी करायची? एकदम तोडलं तरी चालतं, तीन-चार रात्री वाईट जातात आणि मग मूल विसरतं. पण घरात धाकटं बाळ आहे, भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपलेत, तर हळूहळू करा. पहिले चार-पाच दिवस साखर निम्मी, मग पूर्ण बंद. मग रात्रीच्या दुधात पाणी वाढवत जा, पाव भाग, अर्धा, पाऊण, असं करत दहा-बारा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी राहिलं पाहिजे. नुसत्या पाण्यासाठी मूल सहसा दोनदा उठत नाही. दूध बंद करा असं मी म्हणत नाहीये, ते संध्याकाळी जेवणासोबत कपातून किंवा पेल्यातून द्या, त्यानंतर ब्रश, मग गोष्ट, मग झोप. ब्रशनंतर पाण्याशिवाय काहीही नाही. बाटलीतून प्यायची सवय खरं तर पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच सोडवायची असते. आणि दूध कमी पडेल ही भीती असते ना, तर या वयाला दिवसाला चारशे ते पाचशे मिली दूध पुरतं. त्याहून खूप जास्त दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांच्यात लोह कमी पडतं, माझ्याकडे बाटलीची कीड घेऊन येणारी बरीच मुलं फिकट पण दिसतात, मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे हिमोग्लोबिन बघायला पाठवते. तुम्ही पण एकदा बघून घ्या.

अंगावर पाजणाऱ्या आयांना लगेच प्रश्न पडतो की मग आमचं काय. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही द्यावं हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि दातांसाठी ते तोडा असं मी कोणालाही सांगत नाही. पण वर्षानंतर मूल बाकीचं पण खातंय, बिस्कीट खातंय, आणि दातांवर ते तसंच असताना रात्रभर अंगावर लागून राहतंय, अशा वेळी किडीचा धोका वाढतो. म्हणून झोपण्याआधीचा ब्रश चुकवू नका, आणि मूल झोपलं की अलगद बाजूला घ्या.

फ्लोराईडच्या मेसेजबद्दल सविस्तर लिहिते कारण त्या एका मेसेजने खूप नुकसान केलंय. जास्त फ्लोराईड पोटात गेलं तर त्रास होतो हे खरं आहे, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि तिथे मुलांच्या दातांवर डाग, मोठ्यांच्या हाडांचा त्रास हे आम्ही शिकताना बघितलंय. पण ते रोज लिटर-लिटर पाणी पिऊन होतं. पेस्टचा हिशोब करून बघा. भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराईड चालतं आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला आपण तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावतो, ती साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड, आणि ते सगळंच्या सगळं गिळलं तरी. ज्या डोसला आम्ही काळजी करून हॉस्पिटलला पाठवतो तो वजनाच्या दर किलोला पाच मिलिग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या मुलाने साठ ग्रॅमची अख्खी ट्यूब खाल्ली तर. म्हणून ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, चवीला गोड असेल तर नक्कीच नको, आणि पेस्ट कायम मोठ्या माणसाने लावून द्या.

तेव्हा ती स्ट्रॉबेरीची पेस्ट बंद करा. ट्यूब उलटी करून मागे बघा, लहान मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराईड शून्य असतं नाहीतर ५०० पीपीएमच्या आसपास असतं. ज्याच्या तोंडात आधीच कीड आहे त्याला १००० पीपीएमची लागते, पहिल्या दातापासून, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. तुमची मोठ्यांची साधी फ्लोराईडची पेस्ट चालते पण चव झोंबते म्हणून मुलं नाही म्हणतात, तर कमी तिखट चवीची शोधा. ब्रिटनमधून किंवा युरोपातून कोणी पेस्ट पाठवत असेल तर तिकडे १४५० पीपीएमची सर्रास मिळते, ती तीन वर्षांखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तुमच्या गावात बोअरचं पाणी असेल आणि गावातल्या मुलांच्या पक्क्या दातांवर डाग दिसत असतील तर पाणी तपासून घ्या. एक मिलिग्रॅम लिटरपर्यंत ठीक, दीडच्या वर असेल तर प्यायला दुसरं पाणी बघायला हवं.

तो ब्रश करू देत नाही यावर. अडीच वर्षांचं मूल स्वतः ब्रश करू शकत नाही, ते ब्रश चावतं. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा असतो. आरशासमोर उभं करून समोरून ब्रश घालायला गेलात की ते मान फिरवणारच. तुम्ही जमिनीवर किंवा पलंगावर मांडी घालून बसा, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय पलीकडे, दोघांचे चेहरे एकाच दिशेला. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला, बोट गालाच्या आत बाजूला सरकवा म्हणजे मधला नाजूक पडदा ताणला जात नाही, कारण बऱ्याच मुलांना नेमका तिथेच ब्रश लागलेला असतो आणि म्हणून ती घाबरतात. मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश, हिरडीच्या कडेवरून हळू गोल गोल. दोघं असाल तर दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं, मूल मधे आडवं, एकाने हात धरायचे, आम्ही क्लिनिकमध्ये असंच तपासतो. रडला तर रडू दे, तोंड उघडंच असतं तेव्हा. मिनिटभर झालं तरी पुष्कळ, आठ-दहा दिवसांत विरोध कमी होतो हे मी कित्येक घरांत बघितलंय, फक्त एक दिवस केलं दोन दिवस सोडलं असं करू नका. नंतर चूळ भरायची नाही, थुंकता येत असेल तर थुंकायचं, नसेल तर ओल्या कपड्याने जास्तीचं पुसून घ्या. पेस्ट थोडी दातावर राहिली पाहिजे, रात्रभर ती काम करते. सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी घाईत राहिला तर एकवेळ समजू शकते, रात्रीचा चुकवू नका.

सिलिकॉनचं बोटात घालायचं ब्रश दाढा आल्यावर काही कामाचं नाही. लाल दंतमंजन खरखरीत असतं, मुलांच्या पातळ कवचावर नको. आणि मशेरी, आमच्याकडे खेड्यातून अजून येतात अशा केसेस, दात दुखतोय म्हणून आजी पोराच्या दाढेत मशेरी भरते, ती भाजलेली तंबाखू आहे हो, लहान मुलाला अजिबात लावू नका, घरात कोणी लावत असेल तर त्यांना पण सांगा.

खाण्याचं बघा. लोकांना वाटतं चॉकलेट बंद केलं की झालं. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये चॉकलेट कमी आणि बिस्कीट जास्त असतं. चहात बुडवलेलं बिस्कीट, टोस्ट, खारी, कुरकुरीत खाऊची पाकिटं, दुधात चॉकलेटची पावडर, आणि हे दिवसभर थोडं थोडं चालू. मघाशी सांगितलं ना की एकदा खाल्लं की अर्धा-पाऊण तास दात ॲसिडमध्ये असतो, म्हणजे दर तासाला अर्धं बिस्कीट खाणारं मूल दिवसभर ॲसिडमध्येच असतं. एकदाच पोटभर गोड खाणाऱ्या मुलापेक्षा हे मूल जास्त किडतं. म्हणून सणाला श्रीखंड, पुरणपोळी जेवणात द्या, बिनधास्त द्या, जेवणासोबत लाळ भरपूर सुटते. मधल्या वेळचं खाणं दोनदाच, ठरलेल्या वेळी, आणि त्यात फळ, काकडी, उकडलेलं अंडं, धिरडं, उपमा, दही असं. (अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतात.) गूळ चांगला असतो ना असं आमच्या कोल्हापुरात तर प्रत्येक जण विचारतो, इथे गुऱ्हाळाचा ताजा गूळ पोरांच्या हातात असतोच, पण दाताच्या दृष्टीने गूळ साखरच आहे आणि वर चिकट. मध तसाच, मनुका-खजूर पण दाढेत चिकटून राहतात. आणि औषधं! सर्दी-खोकल्याची, अँटिबायोटिकची सिरप गोड असतात आणि आपण ती नेमकी झोपताना देतो. औषध द्या, पण ब्रशच्या आधी.

घरातल्या आजी-आजोबांशी याच्यावरून भांडू नका एवढं सांगते. खाऊ देणं हे त्यांचं प्रेम आहे. त्यांना तपासणीला सोबत घेऊन या, मी आरशात त्यांना नातवाचे दात दाखवते, आणि खाऊची वेळ संध्याकाळी एकच ठरवू असं म्हटलं की बहुतेक आज्या माझ्यापेक्षा कडक होतात.

आता दोन डॉक्टरांचं. दोघांनी वेगळं सांगितलं म्हणजे कोणीतरी फसवतंय असं लगेच धरू नका. कुठला दात कुठल्या पायरीवर आहे हे फोटोवरून किंवा वर्णनावरून ठरत नाही, तपासून आणि शक्य असेल तर छोटा एक्स-रे काढून ठरतं. पांढरे डाग असतील तर दर तीन महिन्यांनी फ्लोराईड वॉर्निश, म्हणजे फ्लोराईडचा लेप, दोन मिनिटांचं काम, ब्रशने लावतात. तपकिरी खड्डा आहे, दुखत नाही, सूज नाही, अशा दातावर सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड लावता येतं, नुसता थेंब लावायचा, ड्रिल नाही सुई नाही, आणि बहुतेक दातांत कीड तिथेच थांबते, सहा महिन्यांनी परत लावतात. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. एक तोटा आधीच सांगते, किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो आणि काळाच राहतो. पुढच्या दातांना हे नको वाटतं पालकांना, मी समजू शकते, पण अडीच वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला दीड-दोन वर्षं वेळ मिळवून देणारी ही गोष्ट आहे, मग चार वर्षांचा झाला की तो खुर्चीत शांत बसतो आणि वरून पांढरं भरता येतं. तुमच्याकडे हा पर्याय कोणी सांगितला नसेल तर मुद्दाम विचारा.

कीड नसेपर्यंत गेली असेल, रात्री उठून रडत असेल, तर मात्र नसेची ट्रीटमेंट लागते. दुधाच्या दातात जे मटेरिअल भरतात ते मुळासोबत विरघळणारं असतं, त्यामुळे रूट कॅनल केलं तर पक्का दात अडकेल का ही भीती नको. त्यावर पांढरी कॅप. हिरडीवर पुळी येऊन पू वाहतोय आणि मूळच खराब झालंय तर दात काढणंच योग्य, पुढचा दात काढला तर सुळे आलेले असल्यावर जागेचा फारसा प्रश्न येत नाही, दिसण्याचा येतो. दाढेचं मात्र उलटं आहे, दाढ वाचवायचा जास्तीत जास्त प्रयत्न करायचा आणि काढावीच लागली तर जागा राखणारी पट्टी लावून घ्यायची. म्हणून त्या डॉक्टरांना चार दातांबद्दल विचारताना मागच्या दाढांबद्दल पण विचारा, दोन दाढांच्या मधे, जिथे त्या एकमेकींना चिकटतात, तिथली कीड घरी दिसत नाही. दाढेवर स्टीलची चंदेरी कॅप सुचवली तर नाक मुरडू नका, ती वर्षानुवर्षं टिकते, आणि स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डेंटिस्टच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे त्यात तर ड्रिल न करता, इंजेक्शन न देता ती कॅप नुसती दाबून बसवतात, आतली कीड अन्नपाणी तुटून थांबते. सगळ्या दाढांना चालत नाही पण चालते तिथे लहान मुलांसाठी उत्तम.

डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: नसेपर्यंत गेलंय हे कशावरून, थांबलं तर काय होईल, आणि यापेक्षा साधा उपाय कुठल्या दाताला चालेल. जो डॉक्टर शांतपणे उत्तरं देतो त्याच्याकडे करा. खूप दात असतील आणि मूल अजिबात बसत नसेल तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं करतात, ते भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असेल तर भिण्यासारखं नाही, चार जणांनी दाबून धरून करण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. खर्च झेपत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, मुंबईत नायरचं पण आहे, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, त्याला पेडो म्हणतात, तिथेच केस पेपर काढा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते त्यांच्या तपासणीत दात पण असतात, त्यांच्याकडून पुढे पाठवून घेता येतं.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. गाल सुजला, ताप आला, डोळ्याखाली सूज चढतेय, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. सूज उतरावी म्हणून घरातली जुनी अँटिबायोटिक देत बसू नका, त्याने चार दिवस बरं वाटतं आणि पू आतच राहतो.

नेताना मुलाला काय सांगायचं? डॉक्टर दात मोजणार आहेत, एवढंच. सुई टोचणार नाहीत हं, असं सांगितलं की त्याच्या डोक्यात सुई बसते. घरी त्रास दिला की डॉक्टरकडे नेऊन दात काढीन असं कोणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. सकाळची वेळ घ्या, दुपारच्या झोपेच्या वेळी नेऊ नका.

आता धाकटी. दोन दात आलेत म्हणजे तिचा ब्रश सुरू, तीच पेस्ट, तांदळाच्या दाण्याहून कमी, नुसती पुसट फासलेली. पहिल्या वाढदिवसाआधी एकदा दाखवून घ्या, दुखत नसताना दाखवायचं हेच त्यातलं महत्त्वाचं. नाचणीची पेज, फळाचा गर यात साखर-गूळ घालू नका, दोन वर्षांपर्यंत वरची साखर लागतच नाही, तिला ती चवच माहीत नाही तर ती मागणार पण नाही. मध चाटवू नका, वर्षाच्या आत मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, किरकिर होते, पण जोराचा ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत, ते झाले तर डॉक्टरांना दाखवा, दात येतायत म्हणून बसू नका. हिरडीला लावायची बधिर करणारी जेल या वयात नकोत, त्यातल्या बेन्झोकेन या औषधाने लहान बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याचा धोका असतो. स्वच्छ ओला कपडा फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या, तेवढं पुरतं.

आणि शेवटी तुमची दाढ. किडीचे जंतू बाळ जन्माला येताना घेऊन येत नाही, ते घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून येतात, एकाच चमच्याने भरवणं, घास चावून देणं, पापा घेणं यातून, आणि सगळ्यात जास्त आईकडून कारण आई सगळ्यात जवळ असते. पापा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या तोंडात उघड्या किडलेल्या दाढा असतील तर जंतूंची संख्या जास्त, आणि धाकटीला ते लवकर मिळणार, जितके लवकर मिळतात तितकी पुढे कीड जास्त होते. अंगावर पाजत असलात तरी दाढ भरून घेता येते, लोकल इंजेक्शन चालतं, त्यानंतर दूध पाजायला थांबावं लागत नाही. मुलाची अपॉइंटमेंट घ्याल तेव्हा त्याच दिवशी तुमची पण घ्या, आणि आधी तुमची तपासणी होऊ दे, तो बाजूला उभा राहून बघेल.